ब्लाइबराचे होली ट्रिनिटी चर्च : दुर्बीण घेऊनच जावे

इंग्लंडमधील सफोक परगण्यात, ब्लाइद नदीच्या दलदलीकाठी, ब्लाइबरा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील होली ट्रिनिटी चर्चला ‘दलदलीतले कॅथेड्रल’ म्हणतात; कॅथेड्रल म्हणजे बिशपचे मुख्य चर्च. प्रत्यक्षात हे गावचे साधे पॅरिश चर्च, म्हणजे स्थानिक वस्तीपुरते चर्च असले, तरी 127 फूट लांबीची ही वास्तू गावाच्या मानाने इतकी मोठी आहे की हे नाव अतिशयोक्त वाटत नाही. मनोरा 14व्या शतकातला आहे, तर बाकीचे बहुतेक बांधकाम 15व्या शतकातले, उभ्या रेषांवर भर देणाऱ्या पर्पेंडिक्युलर या इंग्लिश गॉथिक शैलीतले आहे.

आत शिरताच नजर वर जाते. छताच्या तुळयांच्या मध्यावर पंख पसरलेले लाकडी देवदूत पाठीला पाठ लावून जोडीजोडीने बसवले आहेत आणि त्यांच्यामागच्या पांढुरक्या लाकडावर लाल-हिरव्या नक्षीचे विटलेले रंग अजून ओळखू येतात. भिंतींच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंनी ओळीने 18-18 खिडक्या आहेत. त्यांतली जुनी रंगीत काच जवळजवळ सगळी गेली, याची हळहळ वाटते खरी. पण साध्या काचेतून येणाऱ्या स्वच्छ उजेडामुळेच ते छत इतके नीट पाहता येते, असे माझे मत झाले. देवदूतांमध्ये सापडलेल्या शिशाच्या छर्‍यांचे खापर 1644 मध्ये येथे आलेल्या मूर्तिभंजक, म्हणजे चर्चमधल्या मूर्ती-चित्रे फोडत हिंडणाऱ्या, विल्यम डाउझिंगवर फोडले जात असे. छर्रे मात्र 18व्या शतकातले निघाले. आत घुसणाऱ्या जॅकडॉ या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांवर झाडलेले! डाउझिंगच्या नावावर इतर पुष्कळ मोडतोड जमा आहे, एवढ्यापुरता तरी तो सुटला.

मान अवघडली की बाकांकडे वळावे. त्यांच्या टोकांवर ख्रिस्ती धर्मातल्या सात महापापांच्या जोडीने इतरही दुर्गुण कोरले आहेत. खादाड माणूस स्वतःचे पोट कवटाळून बसला आहे, मद्यपी खोड्यात अडकला आहे आणि आळशी मात्र बिछान्यातच उठून बसला आहे. त्याच्यावरून मी बोट फिरवले, तेव्हा शतकानुशतकांच्या हातांनी गुळगुळीत झालेले ते लाकूड आपल्या जुन्या वाड्याच्या उंबऱ्यासारखे लागले. सुतार नीतिपाठ देत होता की शेजाऱ्यांची टिंगल करत होता, हे सांगणे कठीण आहे. मला दुसरी शक्यता अधिक पटते.

उत्तरेकडच्या दरवाजावरचे जळके डाग 4 ऑगस्ट 1577 च्या वादळात आलेल्या सैतानी काळ्या कुत्र्याच्या नखांचे आहेत, अशी दंतकथा आहे. पर्यटक तेथेच अधिक रेंगाळतात. मला 1682 सालचा, घंटेवर टोला देणारा रंगीत लाकडी शिपाई जास्त आवडला. जाताना दुर्बीण जरूर न्यावी, कारण देवदूतांचे चेहरे खालून नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत.