बिल देत नसेल तर सप्लिमेंटचा डबा घेऊ नका

धुळे, अमळनेर, शिरपूर भागात जी पोरं 'जिल्हा श्री' या बॉडीबिल्डिंग स्पर्धेच्या तयारीला लागली आहेत त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. माझ्या धाकट्या भावाला त्याच्याच कोचने फसवलं. तक्रार दिलेली असल्यामुळे कोचचं आणि जिमचं नाव इथे टाकत नाही.

भाऊ मेहनती पोरगा. घरात शेवभाजीचा तर्रीदार वास सुटलेला असतानाही हा बाजूला बसून उकडलेलं चिकन आणि अंड्यातला पांढरा भाग खायचा. कोचने सुरुवातीलाच विचारलं होतं, नॅचरल जायचं की सायकल (म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स) लावायची? भावाने माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं: सुई नको, स्टेरॉइडची गोळी नको, पुढे पोलीस भरती द्यायची आहे. कोच म्हणाला, मग तुला नॅचरल स्टॅक, म्हणजे सप्लिमेंटचा संच, बांधून देतो. व्हे प्रोटीन, क्रिएटिन आणि 'टेस्टो बूस्टर' म्हणून कॅप्सूलचा एक डबा. डब्यावर अश्वगंधा आणि गोखरू लिहिलेलं. पैसे रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलाचा माल महाग पडेल, मी तुला घरच्या भावात देतोय."

वजन झपाट्याने चढलं, बेंच प्रेसला प्लेटा वाढत गेल्या. भावाला वाटलं मेहनत फळाला आली. पुढे पाठभर पुरळ उठलं, बोलता बोलता अंगावर यायला लागला, आणि एक दिवस म्हणाला की दादा, बनियन घासला तरी छाती दुखते. स्तनाग्राखाली घट्ट गाठ लागत होती. जिममध्ये याला सगळे 'गायनो' म्हणतात आणि हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. गाठ जुनी होऊन पक्की झाली की बहुतेक वेळा गोळ्यांनी जात नाही, ऑपरेशन करावं लागतं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. यकृताची तब्येत सांगणारं एसजीपीटी वाढलेलं, चांगलं कोलेस्टेरॉल एकदम खाली, आणि एलएच व एफएसएच हे दोन हार्मोन जवळजवळ नाहीतच. डॉक्टरांनी नीट समजावलं. मेंदू या दोन हार्मोनमधून वृषणांना काम करायला सांगतो; बाहेरून स्टेरॉइड आलं की तो ते सोडणं थांबवतो, म्हणून हे दोन आकडे पडतात. तोंडावाटे घ्यायची बरीचशी स्टेरॉइड यकृतात लवकर मोडू नयेत अशी बनवलेली असतात, त्याचा ताण यकृतावर येतो. अश्वगंधेने असा रिपोर्ट येत नाही, असं ते ठामपणे म्हणाले.

त्या संध्याकाळी मी तो डबा ट्यूबलाइटखाली धरून पाहिला. कॅप्सूल दोन छटांच्या, काही फिक्या, काही गडद. लेबलचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसऱ्याच कंपनीचं लेबल. झाकणाखालचं सील एका बाजूला सुरकुतलेलं, इस्त्री फिरवून परत चिकटवल्यासारखं. बॅच नंबर खोडलेला. परवाना नंबराचे आकडे मोजले तर तेरा भरले. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांना परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेचा, नंबर चौदा आकडी असतो.

कोचला जाऊन विचारलं. आधी नाही-नाही, मग कबूल. वर म्हणतो, "काही व्हस नही भो, समदा हाईच लेतस." (काही होत नाही, सगळे हेच घेतात.) पोरगा घाबरू नये म्हणून सांगितलं नाही, हे त्याचं उत्तर. मला सगळ्यात जास्त संताप याचा आहे. जाणूनबुजून सायकल लावणारा निदान काय घेतोय ते त्याला माहीत असतं, तो तपासण्या तरी करून घेतो. माझ्या भावाने नाही म्हटलेलं असताना त्याच्या अंगात औषध घातलं आणि वर त्याचेच पैसे घेतले.

भाऊ ज्या स्पर्धेत उतरणार होता तिथे डोप टेस्ट झाली असती तर 'मला माहीत नव्हतं' एवढ्याने सुटका नव्हती. वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेचा नियमच असा आहे की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. आपल्याकडे नाडा ही राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था तपासणी करते, आणि २०२२ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. ॲनाबॉलिक स्टेरॉइड सापडलं तर बंदी साधारण चार वर्षांची. ती कमी करून घ्यायची तर हेतू नव्हता हे खेळाडूनेच सिद्ध करायचं, आणि सप्लिमेंटमधून आलं म्हणायचं तर ते नेमकं कुठल्या डब्यातून आलं हेही त्यानेच दाखवायचं. बिल नाही, बॅच नंबर नाही, डबा फेकून दिलेला, मग दाखवणार काय? बिल न देण्यामागे टॅक्स वाचवणं एवढंच नसतं, हे लक्षात घ्या. पुरावा तुमच्या हातात राहू नये हा त्यातला मोठा भाग.

फसवणूक तिथेही संपली नाही. कॅप्सूल बंद केल्यावर भाऊ खचला, झोप उडाली. शरीर स्वतःचं हार्मोन परत बनवायला लागेपर्यंत महिने जाऊ शकतात. तेवढ्यात कोचचा निरोप, 'पीसीटी'च्या, म्हणजे सायकलनंतर हार्मोन परत सुरू करायच्या, गोळ्या घेऊन जा. टॅमॉक्सिफेन आणि क्लोमिफेन. दोन्ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीची, आणि दोन्ही वाडाच्या बंदी यादीत. म्हणजे आजार त्याने दिला आणि औषधही तोच विकणार. आम्ही घेतली नाहीत, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चाललो आहोत.

व्हेचे रिकामे डबे जिममधून भंगारवाला विकत नेतो, हेही आता कळलं. ते पुन्हा भरून येतात. आपला डबा संपला की लेबल फाडून झाकणाला भोक पाडा.

तुमच्या घरी असा माल असेल तर तो फेकू नका. उरलेल्या कॅप्सूल डब्यातच ठेवून चिकटपट्टी लावा, लेबलचे फोटो काढा, पैसे पाठवल्याचे आणि कोचचे मेसेज जपून ठेवा. सप्लिमेंटमध्ये हार्मोन किंवा स्टेरॉइड घालायला एफएसएसएआयच्या नियमात मनाई आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोराला ओरडण्याआधी डॉक्टरकडे न्या. एसजीपीटी, कोलेस्टेरॉल, एलएच, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन, एवढं तपासायला सांगा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांपासून लपवू नका.