कॉन्टूर प्लस ग्लुकोमीटर: नव्याने शुगर निघालेल्यांसाठी

हातात नुकताच शुगरचा रिपोर्ट पडलाय आणि त्यातल्या आकड्यांनी झोप उडालीय, अशांसाठी हे लिहितेय. मी चिपळूणला घरीच ब्लाउज शिवते. पावसाळा लागला तेव्हापासून बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून शुगर मोजणारं हे मशीन माझ्या रोजच्या वापरात आहे. मला ते मनापासून आवडलंय, पण ते कशासाठी घ्यायचं आणि कशासाठी नाही, ते आधी सांगते.

डायबेटिस आहे की नाही हे घरच्या मशीनवर ठरवायचं नसतं. ते लॅबचं काम. माझा लॅबचा रिपोर्ट असा होता: उपाशीपोटी 138, जेवणानंतर दोन तासांनी 226, एचबीएवनसी 7.4. घरात सगळे 226 बघून हादरले आणि 7.4 कडे कुणी ढुंकून बघितलं नाही, केवढासा तर आकडा! खरं तर सगळ्यात जास्त तोच बोलतो. तो टक्का आहे. हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय, त्याचा. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब येतो. 5.7 च्या खाली असेल तर ठीक, 6.5 आणि वर डायबेटिस, मधलं ते उंबरठ्यावरचं. 7.4 म्हणजे दिवसरात्र मिळून सरासरी 166 च्या आसपास शुगर. उपाशीपोटीच्या रेघा 100 आणि 126. दोन तासांनंतरच्या 140 आणि 200, पण या रेघा 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीच्या आहेत, घरून जेवून गेल्यावरच्या नव्हेत. माझी उपाशीपोटीची आणि एचबीएवनसी दोन्ही रेघेच्या वर होती, त्यामुळे डॉक्टरांना शंका उरली नाही.

बायकांनी एक गोष्ट जरूर विचारा. माझं हिमोग्लोबिन 9.2 होतं. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते, असं डॉक्टर म्हणाले. आधी लोहाच्या गोळ्या आणि मग पुन्हा तपासणी, असं ठरलं. रिपोर्टच्या कागदावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आता मशीन. रक्ताचा थेंब जिला लावायचा ती पट्टी आत सरकवली की सुरू होतं, कोड घालायची भानगड नाही. थेंब अगदी लहान लागतो, 0.6 मायक्रोलिटर, आणि पाच सेकंदांत आकडा येतो. थेंब कमी पडला तर त्याच पट्टीला 30 सेकंदांच्या आत आणखी रक्त लावता येतं. नवख्या हातांना याचा फार आधार वाटतो, कारण खर्च सगळा पट्ट्यांचाच असतो. कुठल्याही कंपनीचं घ्या, दुकानात मशीनची किंमत विचारू नका, पट्टीची विचारा. आपल्या गावात त्या नेहमी मिळतात का, तेही बघा. मागचे 480 आकडे आत राहतात. मी तरी वहीत लिहिते, कारण काय खाल्लं होतं ते मशीनला कुठे माहीत!

टोचायचं ते बोटाच्या मधोमध नाही, कडेला. माझं पोट सुईवर चालतं, उजव्या हाताची बोटं दुखून कशी चालतील? म्हणून मी डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वापरते. कडेला खरंच फारसं दुखत नाही.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, यात सूट नाही. आमच्याकडे पाहुण्यांसाठी आंबे कापता कापता मिस्टरांनी सहज म्हणून तपासलं, तर 241! घर गप्प झालं. हात धुऊन पुन्हा बघितलं, 104. बोटाला लागलेला रस मोजला गेला होता.

लॅबशी मेळ बसतो का? पुढच्या तपासणीला मशीन सोबत नेलं. रक्त दिल्या दिल्या तिथेच बोट टोचलं: मशीन 139, लॅब 131. हे चांगलंच आहे. मशीनसाठीचा जागतिक नियमच असा आहे की 100 च्या वरच्या शंभरातल्या 95 आकड्यांत फरक 15 टक्क्यांच्या आत हवा. म्हणून 139 चे उद्या 145 झाले तर जीव टांगणीला लावू नका. आणि ताडून बघायचं तर उपाशीपोटीच. जेवणानंतर बोटातल्या रक्ताची शुगर शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त येते.

मग हे घ्यायचं कशाला? तर लॅब सांगते शुगर किती, आणि कशाने वाढली ते या मशीनमुळे आपलं आपल्याला सापडतं. पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे. सकाळी नुसती पेज आणि लोणचं खाल्लं तेव्हा 213. दोनच घावन आणि वाटीभर मटकीची उसळ खाल्ली, तर 168. सासूबाई म्हणत, पेज हलकी, तिने काय होतंय? पोटाला हलकी असेलही, शुगरला नाही. त्यांनी स्वतः तो आकडा बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून कुळथाचं पिठलं वाढून भात कमी केला. मी कितीही सांगून हे झालं नसतं. मला डॉक्टरांनी जेवणाआधी 130 च्या आत आणि नंतर 180 च्या आत सांगितलंय. तुमचे आकडे तुमच्या डॉक्टरांना विचारा, वय आणि औषधाप्रमाणे ते बदलतात.

एक आकडा मात्र कोडं घालतो. रात्री झोपताना 118, सकाळी काही न खाता 134. रात्री चोरून खाल्लं का, असं घरचे विचारतात. तसं काही नसतं. पहाटे लिव्हर स्वतःच रक्तात साखर सोडतं आणि इन्सुलिन कमी पडलं की ती वर दिसते. हे ठाऊक नसलं की बिचारं माणूस रात्रीचं जेवणच बंद करतं. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर हे धोक्याचं, शुगर फारच खाली जाऊ शकते. आकडा 70 च्या खाली गेला तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

आमच्या कोकणातल्या हवेसाठी शेवटचं: पट्टी काढली की बाटलीचं झाकण त्याच क्षणी घट्ट लावा. पट्ट्या दुसऱ्या डबीत काढू नका, फ्रिजमध्येही ठेवू नका. दमट हवा लागलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवू शकते. माझी बाटली शिलाई मशीनच्या खणात असते, स्वयंपाकघरापासून लांब.