दरमहा दीड हजार की चार महिन्यांनी दोन हजार?

राधानगरी-भुदरगडकडच्या कोरडवाहू घरात सरकारी पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. आणि जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे दरमहा १,५००.

किसानचा हप्ता बहुतेक कारभाऱ्याच्या खात्यावर जातो, कारण सातबाऱ्यावर नाव त्याचं. पेरणीच्या तोंडावर आला तर खताची सोय होते, नाहीतर जुन्या उधारीत जिरतो. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही, त्या ऊसतोड मजुराला तर छदामही नाही.

दीड हजार बाईच्या स्वतःच्या खात्यावर पडतात. किराणावाल्याची वही महिन्याच्या महिन्याला मिटते. पोराचा एसटीचा पास, सासूच्या बीपीच्या गोळ्या, कशालाच कुणापुढं हात पसरायला नको. बचत गटाचा हप्ता थकत नाही, म्हणून पुढचं कर्ज मिळतं. त्यातून दावणीला म्हैस आली की दर दहा दिवसांनी दुधाचं बिल सुरू. (पेंडीचे भाव बघता म्हैसच निम्मं खाते, ते वेगळं!)

निवडायचंच झालं तर मी दरमहाचा पैसा निवडीन, तोही बाईच्या हातातला. मात्र तो लांबला की फजिती, कारण त्याच्या भरवशावर उधारी आधीच झालेली असते. आणि गंमत बघा, जमीन बाईच्याच नावावर असेल आणि तिला किसान व नमो शेतकरी (किसानच्या जोडीला राज्य सरकारची तशीच योजना) या दोन्हींचे पैसे मिळत असतील, तर लाडक्या बहिणीचे फक्त ५०० हाती पडतात.