स्टार वॉर्स कुठल्या कप्प्यात: विज्ञानकथा की फँटसी?

संग्रहाची यादी करताना, वाचनगटाचा कार्यक्रम आखताना किंवा कुणाला ‘आधी हे बघ’ असं सुचवताना हा प्रश्न कधी ना कधी अडवतोच. अवकाशयानं आहेत, यंत्रमानव आहेत, ग्रह उडवणारं अस्त्र आहे. त्याच जोडीला नियतीनं निवडलेला मुलगा, म्हातारा गुरू, वडिलांची तलवार आणि काळ्या शक्तीचा मोहही आहे. मी माझ्यापुरता निकाल लावून ठेवला आहे. पण आधी विज्ञानकथेची बाजू मांडतो, कारण ती वाटते तितकी लेचीपेची नाही.

तिचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे कुळी. 1926 मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकनं ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढलं आणि तारे ओलांडत सुसाट जाणाऱ्या वीरांच्या गोष्टी त्यात आणि त्याच्या भावंडांत भरभरून येऊ लागल्या. पुढे त्यांचं इतकं पीक आलं, की 1941 मध्ये विल्सन टकर या लेखकानं त्यांना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणून हिणवलं. हिणवलं खरं, पण घरातलं वाया गेलेलं पोर म्हणून. परकं म्हणून नव्हे. स्टार वॉर्सचे सिनेमे घडवणाऱ्या जॉर्ज लुकासला मुळात फ्लॅश गॉर्डन या 1934 पासूनच्या चित्रकथेवर सिनेमा करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यानं स्वतःचं विश्व उभं केलं. म्हणजे जन्मदाखला बघायचा तर स्टार वॉर्स विज्ञानकथेच्याच घरातलं. 1978 मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. पण ह्यूगो विज्ञानकथेला आणि फँटसीला, दोघांनाही मिळतो, त्यामुळे ती साक्ष मी धरत नाही.

कुळीचा दुसरा धागा मात्र भलतीकडे जातो. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 1958 चा सिनेमा ‘द हिडन फोर्ट्रेस’ आणि जोसेफ कॅम्पबेलचं वीरकथांच्या साच्यावरचं 1949 चं पुस्तक, या दोन्हींचा लुकासवरचा प्रभाव जगजाहीर आहे. शिवाय पडद्यावरची ती पहिली ओळ: फार फार पूर्वी, दूरच्या एका आकाशगंगेत. हे आपलं आटपाट नगरच झालं की! पण सुरुवात कशीही असली तरी पुढची गोष्ट कशी वागते ते महत्त्वाचं.

‘शास्त्रीय चुका आहेत, म्हणून विज्ञानकथा नाही’ हा युक्तिवाद मी वापरत नाही. निर्वात पोकळीत स्फोट ऐकू येतात, मान्य. पार्सेक हे अंतराचं माप, सुमारे 3.26 प्रकाशवर्षांचं, आणि यानचालक हान सोलो ते वेळेचं असल्यासारखं फुशारकीनं सांगतो, तेही मान्य. (2018 च्या सिनेमात ‘त्यानं जवळचा, धोक्याचा रस्ता धरला’ अशी सारवासारव केली गेली, ती मला आवडली.) पण ही कसोटी लावली तर निम्मं कपाट रिकामं होईल. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा 4.24 प्रकाशवर्षांवर आहे. प्रकाशाच्या वेगाची अट पाळली तर ताऱ्याताऱ्यांतलं कुठलंच युद्ध दुपारच्या जेवणाआधी आटपणार नाही. थोडं खोटं सगळेच बोलतात.

मग फोर्स, म्हणजे जेडाय नावाच्या योद्ध्यांची ती अदृश्य शक्ती? बहुतेकांची चर्चा इथेच येऊन थांबते. ही शक्ती म्हणजे जादूच, म्हणून फँटसी. मला हा पुरावा अर्धाच वाटतो. दुसऱ्याचं मन वाचणं आणि मनाच्या जोरावर वस्तू हलवणं यांना विज्ञानकथेनं कायम आसरा दिलेला आहे. त्याहून बोलका आहे तो प्रेक्षकांचा संताप. 1999 च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये फोर्सला कारण जोडलं गेलं: पेशींत राहणारे सूक्ष्मजीव, मिडिक्लोरियन, आणि रक्त तपासून त्यांची मोजणी. विज्ञानकथेच्या वाचकाला असं स्पष्टीकरण मिळालं तर तो खूश होतो, पुढचे प्रश्न विचारू लागतो. इथे मात्र चाहत्यांना चक्क फसवल्यासारखं वाटलं. गाथेनं विज्ञानाकडे एक पाऊल टाकलं आणि तिचेच लोक ‘मागे फिर’ म्हणून ओरडले. कोण कुठल्या घरी रमतं हे यावरून थोडंफार कळतं.

पण माझं पारडं झुकलं ते यातल्या कशानं नाही. मला सतत टोचत राहिले ते ड्रॉइड, म्हणजे तिथले यंत्रमानव.

जरा आठवून बघा. 1977 च्या पहिल्याच सिनेमात आर-टू आणि थ्री-पीओ हे दोन ड्रॉइड पकडले जातात, विकले जातात, पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या अंगावर लगाम घालणारा खिळा ठोकलेला असतो. खानावळीचा मालक ‘यांना आत आणू नका’ म्हणतो आणि नायक निमूटपणे त्यांना बाहेर पाठवतो. 1983 च्या सिनेमात जबा या गुंडांच्या म्होरक्याच्या तळघरात एका ड्रॉइडला उलटं करून पायांना तापलेलं लोखंड लावतात आणि तो किंचाळतो. किंचाळतो! म्हणजे कुणीतरी त्याला वेदना होतील असं घडवलंय. कशासाठी? कुणी विचारत नाही. 2005 मध्ये कथेतला एक सज्जन, दयाळू माणूस थ्री-पीओची स्मृती पुसून टाकायला सांगतो. थ्री-पीओ घाबरून ‘काय?’ म्हणतो, प्रेक्षक हसतात, दृश्य संपतं. पुढच्या काळात घडणाऱ्या, आधीच काढून झालेल्या सिनेमांत त्याला काही आठवत नाही, तेव्हा हे कुठेतरी करणं भागच होतं.

बोलणारं, भिणारं, मित्रासाठी रडवेलं होणारं यंत्र, आणि त्याची मालकी. यंत्रमानवाच्या साहित्याचा जन्मच या प्रश्नातून झाला: कारेल चापेकच्या 1920 च्या नाटकात यंत्रमानव अवतरले ते पुढे बंड करण्यासाठीच. 1942 मध्ये आसिमोव्हनं तीन नियम घातले आणि त्यांतल्या फटी शोधण्यात आयुष्य घालवलं. स्टार वॉर्स मात्र या प्रश्नावरून रोज चालत जातं आणि खाली बघत नाही. 2018 मध्ये ड्रॉइडांच्या हक्कांसाठी भांडणारं एक पात्र आलं, तर त्याचा विनोद केला गेला आणि शेवटी ते यानाच्या संगणकात जोडलं गेलं. 2019 मध्ये थ्री-पीओचा स्मृती गमावण्याचा प्रसंग हळवा केला, पण थोड्याच वेळात जपून ठेवलेली प्रत परत घातली.

शेजारच्या दोन गाथा बघितल्या की फरक डोळ्यात भरतो. स्टार ट्रेक या मालिकेतही प्रकाशापेक्षा वेगवान यानं आहेत, मन वाचणारे आहेत, देवासारखं वागणारे जीवही आहेत. पण 1989 मध्ये तिथे एक अख्खा भाग डेटा नावाच्या यंत्रमानवाच्या खटल्यावर बेतला: हा अधिकारी आहे की आरमाराची मालमत्ता? असे हजारो बनवले तर ती गुलामांचीच जात ठरेल, हा मुद्दा कोर्टात मांडला जातो. लढाई नाही, पाठलाग नाही, एक सुनावणी फक्त. आणि 1965 चं ‘ड्यून’ घ्या. राजपुत्र, भाकितं, गूढ विद्येच्या स्त्रिया, सुऱ्यांची द्वंद्वं. वरून बघितलं तर स्टार वॉर्सपेक्षाही जास्त फँटसी. तरी ते माझ्याकडे विज्ञानकथेत आहे. तिथे विचार करणाऱ्या यंत्रांवर बंदी आहे आणि त्यामुळे काय काय बदललं हे कादंबरी दाखवते: गणकयंत्राचं काम माणसं शिकतात, ताऱ्याताऱ्यांतला प्रवास एका मसाल्यावर अवलंबून राहतो, त्या मसाल्यावर राजकारण उभं राहतं. सुरी का? कारण अंगावरचं संरक्षक कवच वेगवान गोळी अडवतं, हळू सरकणारं पातं आत जाऊ देतं. जेडायच्या हातात तलवार का, याला मात्र ‘ती शोभते’ एवढंच उत्तर आहे. आणि शोभते, यात वाद नाही.

म्हणून माझ्याकडे स्टार वॉर्स फँटसीच्या कप्प्यात आहे, आणि खरं सांगायचं तर तिथे ते मला जास्त आवडतं. परीकथेतल्या बोलक्या घोड्याची मालकी कुणाकडे, हे आपण विचारत नाही. आर-टू त्या घोड्यासारखा झाला की टोचणी थांबते आणि उरतं ते इमान, धाडस, बापलेकांचं वैर. माझा अनुभवही असाच आहे: विज्ञानकथेच्या भुकेल्या माणसाच्या हाती हे दिलं की तो तासाभरात शंका काढू लागतो, राक्षस-राजपुत्रांत रमणारा मात्र पहाटेपर्यंत बसतो. सगळ्यांचं तसंच होईल असा माझा दावा नाही.

‘सायन्स फँटसी’ असा तिसरा कप्पा करता येतो. त्यात काही वावगं नाही. फक्त एकदा तो उघडला की त्यात इतकं काही जाऊन पडतं, की शोधणाऱ्याला त्याचा उपयोग राहत नाही. संगणकावरच्या यादीत दोन्ही खुणा लावायची सोय असेल तर खुशाल लावा, पण पहिली फँटसीची ठेवा.

एक अपवाद मात्र मी करतो: 2022 ची ‘अँडॉर’ मालिका. तिच्यात तुरुंगातल्या कारखान्यात माणसं यंत्राचे भाग जुळवत असतात, आणि ड्रॉइडांपेक्षा कैदी स्वस्त पडतात, असा हिशेब एक पात्र बोलून दाखवतं. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी या विश्वातल्या श्रमाची किंमत काढली. जेडाय नाहीत, फोर्स जवळजवळ नाही. ज्यांना फक्त एवढंच बघायचं आहे त्यांनी ती ‘ड्यून’शेजारी ठेवली तरी माझी हरकत नाही, माझ्याकडे ती तिथेच आहे.