बाथरूमच्या जाळीतून वास येतोय: पावडर, सिलिकॉनचा व्हॉल्व की सरळ ट्रॅपच बदलायचा?

बाथरूममधून वास यायला लागला की बहुतेक घरांत आधी फिनेल ओतलं जातं, मग डांबरगोळ्या पडतात, मग कोणीतरी ऍसिडची बाटली आणतं आणि आठवड्याभरात वास परत हजर, कारण तो येतोय कुठून हे कुणी बघितलेलंच नसतं. वास दोन प्रकारचा असतो, एक जाळीखाली साचलेल्या घाणीचा आणि दुसरा खालच्या ड्रेनेज लाइनमधून वर येणाऱ्या गॅसचा. एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून खर्चाआधी हे शोधा.

जाळीखाली जो नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारं भांडं असतं, त्यात साधारण 50 मिलीमीटर पाणी कायम उभं राहायला हवं, त्यालाच वॉटर सील म्हणतात, गॅस अडवायचं काम तेच करतं. तर जाळी उचला आणि मोबाईलचा टॉर्च मारून बघा. पाणी चमकत असेल आणि कडेला करडा बुळबुळीत थर, केसांचे गुंते दिसत असतील तर वास बहुधा त्याचाच, कुबट आणि आंबूस. पाणीच नसेल आणि सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर लाइनमधला गॅस. अजून खात्री हवी तर रात्री जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून गाठ मारा आणि ती जाळीवर ठेवून द्या, पिशवी पसरून भोकं बंद करते. सकाळी वास नसेल तर दोषी जाळीच. तरीही असेल तर बेसिनखाली वाका, तिथला पांढरा घडीचा पाइप कित्येक घरांत जमिनीतल्या भोकात नुसता खुपसलेला असतो, भोवतीच्या फटीतून सगळा गॅस घरात. तिथे रबरी कॉलर बसवायची आणि बॉटल ट्रॅप (बेसिनखालचा, पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग) नसेल तर तो लावून घ्यायचा, बाकी काही तोडफोड नाही.

आता घाणीचाच वास असेल तर माझं मत स्पष्ट आहे, आधी हात आणि ब्रश. हातमोजे घाला, आतला कप (ज्यामुळे सील टिकतं ती सुटी वाटी) काढा, केस ओढून बाहेर काढा (गटारात परत ढकलू नका, पुढे कुठेतरी अडकतात), आणि जुन्या बाटलीच्या ब्रशने भांड्याच्या साबणाने आतून घासा. ड्रेन साफ करायची पावडर म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा, ती केस आणि तेलकट साबणाचा थर विरघळवते, हात पोचत नाही तिथे उपयोगी आहे, पण पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवून भरपूर पाणी सोडायचं, नाहीतर खाली दगडासारखी गोठून बसते. ऍसिड मात्र मी कुणालाच सांगणार नाही. केसांवर ते फारसं चालत नाही, उलट टाइलमधलं सिमेंट खातं, स्टीलची जाळी काळी पडते. आणि ब्लीचवर ऍसिड पडलं तर क्लोरीन गॅस तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो, त्यामुळे एकावर एक काहीही ओतू नका. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसायला छान असतो पण दोघं एकमेकांनाच संपवतात, हलका वास जाईल, केसांचा बोळा नाही. ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे त्यांनी फिनेल आणि ब्लीचचा मारा तर टाळाच, टाकीतले जंतू मेले की टाकीच वास मारायला लागते.

गॅसचा वास असेल तर आधी फुकटचं कारण तपासा. पाहुण्यांचं बाथरूम किंवा बंद ठेवलेला फ्लॅट असेल तर पाणी नुसतं सुकलेलं असतं, मे महिन्यात तर फारच लवकर. दोन मग पाणी ओता आणि वरून चमचाभर गोडेतेल सोडा, तवंगामुळे पाणी हळू उडतं. खोबरेल नको, थंडीत थिजतं. दुसरं कारण म्हणजे कप काढून टाकलेला असतो, पाणी हळू जातं म्हणून कुणीतरी तो काढून कोपऱ्यात ठेवतं आणि सीलच संपतं. तो साफ करून परत बसवा, झालं काम.

कप हरवला असेल किंवा ट्रॅप इतका उथळ की पाणी टिकतच नाही, तर निवड सिलिकॉनचा व्हॉल्व की नवा ट्रॅप अशी आहे. सिलिकॉनचा व्हॉल्व शे-दोनशे रुपयांत मिळतो, पाणी पडलं की पाकळी उघडते, थांबलं की मिटते, झुरळंही अडतात. भाड्याच्या घरात मी डोळे मिटून हाच घेईन, जाताना काढून नेता येतो. फक्त पाइपचा आतला व्यास मोजून घ्या, कारण कडेने फट राहिली तर उपयोग शून्य. आणि बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात एकदम पाणी ओतलं की ते तुंबतं आणि पाकळीत एक केस अडकला तरी ती अर्धवट उघडी राहते, म्हणजे आठवड्याला काढून धुवायची तयारी हवी, ती नसेल तर दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

नवा ट्रॅप म्हणजे फरशी फोडणं, काही हजारांचा खर्च, चार दिवस बाथरूम बंद आणि वॉटरप्रूफिंग परत. स्वतःचं घर, जुनी बिल्डिंग आणि ट्रॅपच नसेल किंवा तडकला असेल तरच त्यात पडा. पण वरच्या मजल्यावर फ्लश झाला की तुमच्या जाळीत गुडगुड होत असेल तर थांबा, लाइनमधली हवा तुमचं सीलचं पाणी ओढतेय, गच्चीवरचा व्हेंट पाइप (लाइनला हवा मिळावी म्हणून वर उघडा ठेवलेला) कबुतरांच्या घरट्याने वगैरे बंद असू शकतो, ते सोसायटीचं काम आहे आणि ते न करता नवा ट्रॅप बसवलात तर तोही रिकामा होईल. फोडायचंच ठरलं तर टाइल लावायच्या आधी ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता, आत किती उरतंय ते पट्टीने मोजा, वॉटरप्रूफिंगवर 24 तास पाणी साठवून खालच्यांचं छत बघून या आणि मगच प्लंबरला उरलेले पैसे द्या.