मास्टवर चढायचा हार्नेस हिंगणा रोडच्या सेफ्टी दुकानातून घेतला, ५ पैकी ४ स्टार

सेलिंग बोटीचं सामान नागपुरात काऊन शोधून राह्यला असं सगळ्यांनी विचारलं. पण मास्टवर (शिडाच्या उभ्या खांबावर) चढायला जो हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टे) लागतो तो बोटवाल्यांकडूनच घ्यावा असं काही नाही. हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यात अन् मोबाईल टॉवरवर काम करणारे लोक रोज हेच घालतात, म्हणून इथं माल चांगला मिळते अन् दुकानदाराला त्यातलं कळते.

आमची बोट मित्रांच्या भागीदारीत मुंबईला असते, ३२ फुटी, मास्ट साधारण १३ मीटर. अंबाझरीवर एनसीसीत डिंगी (छोटी शिडाची होडी) चालवायचो तेव्हा मास्ट आडवा करून जमिनीवर बसूनच सगळं चेक व्हायचं. मोठ्या बोटीला एकतर क्रेन लावा नाहीतर स्वतः वर जा. आणि जावंच लागते, कारण मास्टला धरून ठेवणाऱ्या तारा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या असल्या तरी टोकाच्या फिटिंगमध्ये खारं पाणी मुरून आतून गंजतात, बाहेरून मात्र चकचकीत. खालची टोकं डेकवर उभं राहून पाहता येतात, पण वरच्या फिटिंगच्या बारीक भेगा, स्प्रेडरचे (मास्टला लावलेल्या आडव्या दांड्यांचे) जोड, झिजलेल्या पिना, तारेतला एखादा तुटून वर आलेला धागा, हे सगळं जवळून हात लावूनच कळते.

दुकानातल्या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, लटकून काम करायचं आहे का फक्त पडलं तर वाचायचं आहे?" या एका प्रश्नासाठी मी तीन स्टार देतो. पाठीवरच्या रिंगचा साधा फुल बॉडी हार्नेस पडताना धरते, त्यात बसून काम नाही होत. बसायला पोटापाशी रिंग अन् मांड्यांना रुंद पट्टे लागतात. काकांनी लेबल वाचून दाखवलं, युरोपियन मानक ईएन ३६१ पडण्यासाठी अन् ईएन ८१३ बसण्यासाठी, दोन्ही असलेला पीस काढून दिला, साडेसहा हजाराला. भारतीय मानक आयएस ३५२१ चा स्वस्तातला पण होता, तो आमच्या कामाचा नव्हता हे त्यांनीच सांगितलं.

वापरून पाह्यला, पट्टे सरकत नाहीत, बकल मजबूत आहेत. तरी जास्त वेळ लटकलं की मांड्या दुखतात अन् पाय बधीर होतात, हे हलक्यात घेऊ नका, नुसतं लटकून राह्यलं तर रक्त पायात साचते. आम्ही बसायला फळीची बोसन चेअर एका हॅलियार्डवर (शीड वर चढवायच्या दोरावर) घेतो अन् हार्नेस दुसऱ्या हॅलियार्डवर, कारण चेअरमधून माणूस निसटू शकते, हार्नेसमधून नाही. दोन्ही दोर थेट बोलाइन गाठीने बांधायचे, स्नॅप शॅकलवर (झटकन उघडणाऱ्या कडीवर) जीव टांगायचा नाही. खाली विंचवर (दोर ओढायच्या चरखीवर) दोन माणसं, इलेक्ट्रिक विंच बंद, पाना-पक्कड सगळं दोरीने कमरेला बांधलेलं, अन् मास्टच्या बुडाशी कोणीच उभं राहायचं नाही, तेरा मीटरवरून पडलेला पाना डोकं फोडते.

आता एक स्टार कापला त्याचं कारण. दुकानाच्या दारात सॅम्पल हार्नेस टांगून ठेवतात, पश्चिमेच्या उन्हात! नागपूरचा मे महिना अन् नायलॉन-पॉलिस्टरचे पट्टे, ऊन धाग्याची ताकद खाऊन टाकते, वरून काही दिसत नाही. मालकांनो, ते आत घ्या, कळकळीने सांगतो, उद्या कोणीतरी तोच पीस डिस्काउंटमध्ये घेऊन जाईल. घेणाऱ्यांनी पॅकबंद पीसच मागा अन् लेबलवरची बनवल्याची तारीख पाहा, वय तिथून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही. बिलावर बॅच नंबर मागितल्यावरच लिहून दिला.

काउंटरवरचा दुसरा मुलगा शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा दोन मीटरचा लॅनयार्ड (हार्नेसला जोडायचा, पडल्यावर झटका शोषणारा दोर) घ्याच म्हणत होता. टॉवरवाल्यांना तो पाहिजेच, पण तो उघडायला खाली सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते, मास्टवर तेवढ्यात माणूस स्प्रेडरवर आदळते. आमच्या पद्धतीत दुसरा हॅलियार्ड ताणलेलाच ठेवतात, सैल सोडतच नाहीत. नाही घेतला, त्याने वाईट नाही वाटून घेतलं.

रविवारी बंद असते. मीडियम साइज संपला होता, फोन करून जा, अन् घालून पाहा म्हटलं तर पाहू देतात, दहा मिनिटं दुकानातल्याच हुकाला लटकून बसू दिलं मला.