सुरुवातीच्या दुखण्याची आधीच कल्पना देणारे कायरोप्रॅक्टिक क्लिनिक

चार महिने माझी कंबर धरलेली होती. जीपीने, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरने, तपासून काळजीचे कारण नसल्याचे सांगितले आणि चालणे व व्यायाम चालू ठेवण्यास सुचवले. परंतु फिजिओथेरपीसाठी बरेच आठवडे थांबावे लागणार असल्याने मी लंडनच्या हॅरो भागातील, घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या एका कायरोप्रॅक्टिक क्लिनिकमध्ये, म्हणजे कणा आणि सांध्यांवर हाताने दाब किंवा झटका देऊन उपचार करतात तिथे, स्वखर्चाने जायचे ठरवले. दहा आठवड्यांत सहा भेटी झाल्या. हा अभिप्राय मुख्यतः पहिल्या तीन भेटींविषयी आहे, कारण नव्याने जाणारा माणूस घाबरतो तो याच काळात.

ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल या नियामक परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेता येत नाही. ही नोंदणी ऑनलाइन तपासूनच मी वेळ घेतली. भारतात या व्यवसायासाठी अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे सुटीत गावी गेल्यावर पाठ ‘मोडून’ घेण्याचा विचार करणाऱ्यांनी हा फरक अवश्य लक्षात घ्यावा.

पहिल्या भेटीत जवळजवळ पाऊण तास केवळ विचारपूस आणि तपासणीत गेला. हाडे ठिसूळ झाल्याचे कधी निदान झाले आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पूर्वी कर्करोग झाला होता का, लघवीवरचा ताबा व्यवस्थित आहे का, हे प्रश्न कायरोप्रॅक्टरने मी संकोचत असतानाही सोडले नाहीत. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी त्यांनी स्पष्ट सांगितले की, आज रात्री किंवा उद्या सकाळी हात लावलेली जागा दुखेल, कदाचित थकवा येईल, डोके दुखेल, आणि हे बहुधा एक-दोन दिवसांत ओसरेल. नॉर्वेत १,०५८ रुग्णांच्या ४,७१२ उपचारांची पाहणी करून १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे आकडेही त्यांनी समोर ठेवले: निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५ टक्के रुग्णांना एकदा तरी असा त्रास झाला होता, आणि अशा त्रासांपैकी ७४ टक्के २४ तासांच्या आत नाहीसे झाले होते. मनाची तयारी होण्यास मला या दोन आकड्यांचा फार उपयोग झाला.

प्रत्यक्षात घडले तेही जवळपास तसेच. कमरेतून ‘कट्’ असा आवाज आला तेव्हा मी दचकले. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नसून, बोटे मोडताना येतो तसा सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा तो आवाज आहे, असे त्यांनी समजावले. त्या रात्री डाव्या बाजूला ठणका लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायमोजे घालण्यासाठी वाकणेही जड गेले. खूप दिवसांनी सूर्यनमस्कार घातल्यावर अंग आंबून जाते, त्याच जातीचे ते दुखणे होते. तिसऱ्या दिवशी ते गेले. दुसऱ्या भेटीनंतर डोके जड झाले आणि मी रात्री साडेआठलाच झोपी गेले. सकाळी काहीच उरले नव्हते.

तिसऱ्या भेटीनंतर मात्र दुखण्याने जागा बदलली. कमरेऐवजी उजवा कुल्ला दुखू लागला, आणि दोन दिवस उलटूनही ते कमी होईना. साताऱ्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, “अगं, उपचार लागू पडतोय म्हणून दुखतंय.” क्लिनिकच्या प्रतीक्षाकक्षातील एका फलकावरही हेच, शरीर बरे होत असल्याची ही खूण आहे, असे छापलेले होते. सासूबाईंच्या बोलण्यात माया होती. फलकाला मात्र माझा ठाम आक्षेप आहे. नंतरचे दुखणे ही ताणल्या गेलेल्या स्नायूंची आणि सांध्यांची प्रतिक्रिया असते. तिच्यावरून गुण येतो आहे असे ठरत नाही आणि इजा झाली असेही ठरत नाही. तिला शुभशकुन मानणारा रुग्ण खरोखर बिघडत चाललेले दुखणे अंगावर काढील, ही भीती मला वाटते.

मी फोन केला तेव्हा कायरोप्रॅक्टरने ती समजूत घालण्याचा मार्ग धरला नाही. दुखणे गुडघ्याखाली उतरते का, मुंग्या येतात का, पाऊल उचलताना शक्ती कमी वाटते का, हे विचारून त्यांनी त्याच दिवशी बोलावले, पायांची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया पुन्हा तपासल्या, आणि त्या दिवशी कण्याला झटका न देता केवळ व्यायाम शिकवून परत पाठवले. त्या भेटीचे पैसे घेतले नाहीत. पुढील वेळी त्यांनी हळुवार पद्धत वापरली आणि नंतरचा त्रास जाणवेनासा झाला.

घरी दिलेल्या कागदावर दोन गोष्टी ठळक होत्या, आणि त्या कागदासाठीच मी या क्लिनिकला वरचे गुण देते. जांघेच्या किंवा गुदद्वाराच्या भागात बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पायातली शक्ती कमी झाली, तर क्लिनिकच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. मानेवरील उपचारानंतर चक्कर, दुहेरी दिसणे, बोलण्यात अडखळणे किंवा कधी न अनुभवलेली मानदुखी झाली, तर ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. मानेला झटका दिल्यानंतर पक्षाघात होण्याचा धोका क्वचित असला, तरी त्याचा उल्लेख त्यांनी टाळला नाही. मी मानेवर उपचार नको म्हटले, तेव्हा मन वळवण्याचा प्रयत्न झाला नाही.

स्वागतकक्षात पहिल्याच दिवशी दहा भेटींचे पैसे आगाऊ भरण्याचा आग्रह झाला, तो मला खटकला; पहिल्या दोन-तीन भेटींनंतर शरीर काय म्हणते ते पाहूनच पुढचे ठरवता आले पाहिजे. कंबर आता पुष्कळ बरी आहे, परंतु रोजचे अर्धा तास चालणे आणि तो व्यायाम यांचा वाटा त्यात किती, हे वेगळे काढता येत नाही. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या सूचनाही हाताने केलेला उपचार व्यायामासोबतच द्यावा असे सांगतात.

पहिली वेळ शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी घ्यावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी कार्यालय नसते, आणि त्या दोन दिवसांत लांबचा गाडीप्रवास ठेवू नये. दर सहा आठवड्यांनी यावे, ही त्यांची सूचना मी स्वीकारलेली नाही. दुखले तर येईन असे सांगितले, आणि त्यांनी तशी नोंद करून घेतली.